डिस्चार्जनंतर आईचं कोण करणार? घरच्या सेवेची व्यवस्था आणि तिचा खर्च

हॉस्पिटलचं बिल शून्य आलं की घरातले सुटकेचा निःश्वास टाकतात. खरा खर्च त्याच दिवशी सुरू होतो. पक्षाघात असो, खुब्याचं हाड मोडलेलं असो, स्मृतिभ्रंश असो की शेवटच्या टप्प्यातला कर्करोग, डिस्चार्ज कार्डाच्या तळाशी एवढंच लिहिलेलं असतं की रुग्णाची घरी काळजी घ्यावी. ती कोणी घ्यायची, दिवसाचे किती तास घ्यायची आणि तिचे पैसे कोणी द्यायचे, याबद्दल कार्डावर एक ओळही नसते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या योजनांतून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षं पूर्ण झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असलं तरी, आयुष्मान वय वंदना कार्ड काढता येतं. घरात कुणाचं राहिलं असेल तर ते आधी काढून घ्या. पण या योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. आयुष्मानमध्ये डिस्चार्जनंतरचे १५ दिवस औषधं आणि तपासण्यांसाठी धरलेले असतात, त्यापुढे काही नाही. घरी ठेवलेल्या बाईचा पगार, महिनोन्‌महिने लागणारे डायपर, खाटेचं भाडं, घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टची फी, हे सगळं आपल्यालाच बघावं लागतं. मेडिक्लेम असलेल्यांनीही पॉलिसी उघडून बघावी. ‘डोमिसिलरी’ या शब्दाखाली घरी घेतलेले उपचार येतात, सांभाळायला ठेवलेलं माणूस येत नाही.

पुण्यात दापोडी, बोपोडी, येरवडा, ताडीवाला रोड अशा वस्त्यांमध्ये घरोघरी जाताना या प्रश्नाचं एक तयार उत्तर ऐकू येतं: सून बघेल. सून नसेल तर मुलगी, तीही नसेल तर स्वतःच गुडघ्यांनी बेजार झालेली बायको. आणि ही सून काही घरी बसलेली नसते. ती कुठे मेसमध्ये पोळ्या लाटते, कुठे सोसायटीत झाडू-फरशी करते, कुठे अंगणवाडीत मदतनीस असते. तिने काम सोडलं की महिन्याचे आठ-दहा हजार बंद होतात. पण ते कुणी खर्चात लिहीत नाही, कारण खिशातून पैसे गेलेले दिसत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया आणि २१.४ टक्के पुरुष घरातल्या माणसांची काळजी घेण्याचं काम करताना आढळले. असं काम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी १४० मिनिटं जातात, पुरुषाची ७४. यात लहान मुलांचं करणंही आलं. अंथरुणाला खिळलेलं माणूस घरात असलं की मिनिटं मोजायची सोयच राहत नाही.

कायदा मात्र वेगळं सांगतो. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह आणि कल्याणासाठीच्या २००७ च्या कायद्यात जबाबदारी टाकली आहे ती मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांच्यावर. त्यात सुनेचं नावच नाही. सासूचं मायेने करणाऱ्या सुना मी खूप पाहिल्या आहेत आणि त्यांच्याबद्दल मला आदरच आहे. तरीही ज्याच्यावर कायद्याने जबाबदारी आहे तो मुलगा संध्याकाळी येऊन ‘आईने जेवण केलं का’ एवढंच विचारणार असेल, तर घरात एकदा बसून बोलण्याची गरज आहे.

डिस्चार्जच्या आधीचे दोन दिवस

हे दोन दिवस कागद गोळा करण्यात आणि रिक्षा ठरवण्यात जातात. खरं तर घरी काय काय करावं लागणार आहे, हे शिकायची दुसरी संधी पुढे मिळत नाही. वॉर्डातल्या सिस्टरांना सांगा की आम्हाला हाताने करून बघायचं आहे. रुग्णाला कुशीवर कसं वळवायचं, चादर न उठवता कशी बदलायची, लघवीची पिशवी कशी रिकामी करायची, नाकातली नळी असेल तर त्यातून पातळ अन्न किती आणि कसं द्यायचं, देताना डोकं किती वर ठेवायचं. आडवं ठेवून भरवलेलं अन्न श्वासनलिकेत जातं आणि रुग्ण न्यूमोनिया घेऊन पुन्हा दाखल होतो. दर दोन तासांनी कूस बदलली नाही तर पाठीला, टाचांना, माकडहाडापाशी जखमा होतात. या जखमा एकदा खोल गेल्या की रोजचं ड्रेसिंग आलं, म्हणजे आणखी खर्च आला.

शिकायला सुनेला एकटीला पाठवू नका. मुलाने जावं, कॉलेजात जाणाऱ्या नातवाने जावं. वळवायला आणि उचलायला अंगात ताकद लागते आणि ती बहुतेक घरांत पुरुषांकडे असते.

सरकारी आणि धर्मादाय रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवा विभाग असतो. तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटल्याशिवाय घरी येऊ नका. कोणत्या योजनेचा अर्ज कुठे करायचा, खाट भाड्याने कुठे मिळते, घरी येणारी सेवा जवळपास आहे का, हे त्यांना ठाऊक असतं. डिस्चार्ज कार्डावर निदान स्पष्ट आणि पूर्ण लिहून घ्या. पुढे दिव्यांग प्रमाणपत्रासाठी हाच कागद लागतो.

चोवीस तास माणूस खरंच लागतो का?

घाबरलेलं घर सरळ ब्युरोला फोन करतं आणि बारा किंवा चोवीस तासांची बाई मागवतं. महिन्याने पैसे संपतात, बाई बंद होते आणि सगळं पुन्हा सुनेवर येतं. म्हणून आधी एका कागदावर दिवसाचे तास लिहा. सकाळी स्पंजिंग, डायपर बदलणं, तोंड धुणं, नाश्ता आणि औषधं हा सगळ्यात जड भाग असतो, तो साधारण आठ ते बारामध्ये आटपतो. दुपारी वळवणं आणि पाणी पाजणं. संध्याकाळी जेवण. रात्री दोनदा उठणं. आता समोर घरातल्या माणसांची नावं लिहा. ज्या तासांसमोर कुणाचंच नाव येत नाही, तेवढ्याच तासांना पैसे देऊन माणूस ठेवायचं आहे.

आकडे मांडून बघू. अटेंडंटचे दिवसाला ७०० रुपये धरले तर महिन्याचे २१,००० होतात. डायपर एक पस्तीस रुपयांना धरला आणि दिवसाला तीन लागले, तर महिन्याला ३,१५० रुपये नुसत्या डायपरचे. ही रक्कम पुढे पेन्शनच्या आकड्यांशी ताडून बघा.

बोपोडीच्या बाजूच्या एका घराने हे कसं जमवलं ते सांगते. अडुसष्ट वर्षांच्या आजी, महापालिकेच्या सफाई खात्यातून निवृत्त, उजवी बाजू पक्षाघाताने गेलेली. दोन मुलगे, एक मुलगी. धाकट्याची बायको मेसमध्ये स्वयंपाकाला जायची, तिने काम सोडलं होतं. आम्ही सगळ्यांना एका रविवारी बसवलं आणि वहीत मांडलं. सकाळी चार तास येणारी वस्तीतलीच अनुभवी बाई ७,००० रुपये. डायपर ३,१५०. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा, ४०० प्रमाणे ३,२००. औषधं २,५००. खाट आणि एअर बेडचं भाडं ६५०. एकूण १६,५००. आजींची स्वतःची पेन्शन ११,०००. उरले ५,५००. वेगळा राहणारा थोरला ३,००० देऊ लागला, मुलगी १,५०० आणि महिन्यातले दोन रविवार, धाकटा १,०००. धाकट्याची सुरक्षारक्षकाची रात्रपाळी असल्याने दुपार त्याच्याकडे आली. संध्याकाळी बारावीतला नातू आजीला वळवून, भरवून अभ्यासाला बसतो. सून पुन्हा कामावर जाऊ लागली, रात्रीचं मात्र अजून तीच बघते. मला विचाराल तर रात्रीच्याही पाळ्या लागायला हव्यात, पण त्या रविवारी बैठक तेवढ्यापर्यंतच पोचली.

पहिले तीन महिने फिजिओथेरपीचे पैसे वाचवू नका, हे मी प्रत्येक पक्षाघाताच्या घरी सांगते. हातपायांची जी हालचाल परत यायची ती बरीचशी याच काळात येते. माणूस स्वतः उठून कमोडवर बसू लागलं की डायपरचा आणि बाईचा दोन्ही खर्च उतरतो.

ब्युरोला काय विचारायचं

नर्स आणि अटेंडंट यांतला फरक आधी समजून घ्या. इंजेक्शन, सलाईन, नाकातली नळी किंवा लघवीची नळी घालणं हे एएनएम किंवा जीएनएम झालेल्या नर्सचं काम. अटेंडंट, जिला आपण मावशी म्हणतो, ती अंघोळ घालणं, भरवणं, वळवणं, स्वच्छता, वेळेवर गोळी देणं हे करते. काही ब्युरो अटेंडंटला पांढरा कोट घालून नर्स म्हणून पाठवतात आणि दर नर्सचा लावतात. प्रमाणपत्र बघायला मागा, लाजू नका. नळी महिन्यातून एकदोनदाच बदलायची असेल तर त्या दिवसापुरती नर्स बोलवली की भागतं.

फोनवर दर विचारण्याबरोबर हेही विचारा: यातले त्या बाईच्या हातात किती पडतात? ब्युरो कमिशन घेतं, ते किती आणि किती महिने, हे सांगायला खळखळ झाली तर दुसरं ब्युरो बघा. बाई आजारी पडली किंवा गावी गेली तर बदली कोण देणार? सुट्टी कोणत्या दिवशी? आगाऊ घेतलेली रक्कम रुग्ण मध्येच दगावला तर परत मिळेल का? ओळखपत्राची प्रत, पोलीस पडताळणी आणि पावती या तीन गोष्टींशिवाय पैसे देऊ नका. आणि काम ठरवताना तोंडी ‘पेशंटचं सगळं’ असं म्हणू नका. सगळंमध्ये मग घरातल्या सात माणसांची भांडीही येतात.

खाटेच्या दोन्ही बाजूंना आपलीच माणसं

पुण्या-मुंबईच्या ब्युरोंमध्ये काम करणाऱ्या बायका बऱ्याचदा लातूर, नांदेड, परभणी, बीड, बुलढाणा, यवतमाळ या जिल्ह्यांतून आलेल्या असतात. विधवा, नवऱ्याने सोडलेल्या, कर्ज फेडायला आलेल्या. त्यांच्यात आपल्या समाजाच्या बायका पुष्कळ आहेत. पेशंट नसतो तेव्हा त्या ब्युरोच्या खोलीत दहा-बारा जणी मिळून राहतात. आडनाव विचारलं की काही जणी गावाचं नाव सांगून वेळ मारून नेतात, कारण आडनाव कळल्यावर स्वयंपाकघराचं दार बंद झाल्याचा अनुभव त्यांनी घेतलेला असतो. म्हाताऱ्या माणसाचं शी-शू हाताने काढायला चालतं, पण त्याच हाताने फ्रीजमधली पाण्याची बाटली घेतलेली चालत नाही. हे सुशिक्षित वसाहतींत घडतं.

हे वाचून आपल्याला राग येणार, यायलाच हवा. पण मग आपल्या घरात काय होतं तेही बघू. नोकरदार, फ्लॅटमध्ये राहणारा आपलाही एक वर्ग आता आहे आणि तोही चोवीस तासांची बाई ठेवतो. तिथे जात विचारली जात नाही. मात्र ती शेवटी जेवते, ओट्याखाली सतरंजी टाकून झोपते, रात्री चारदा उठते आणि सकाळी सहाला पुन्हा ड्यूटीवर असते. दोन दिवस गावी गेली तर खाडा धरून पैसे कापले जातात. उचल मागितली तर तोंड वाकडं होतं. बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत होते. १९४६ च्या कारखाने दुरुस्ती कायद्याने कारखान्यांतले आठवड्याचे कामाचे तास ५४ वरून ४८ वर आले. चोवीस तासांच्या ड्यूटीवरच्या बाईचे आठवड्याचे तास १६८ होतात. बारा तासांची सुट्टीविना ड्यूटी धरली तरी ८४.

दीघनिकायातल्या सिगालोवाद सुत्तात मालकाने कामकऱ्याशी कसं वागावं हे पाच गोष्टींत आलं आहे: शक्तीप्रमाणे काम द्यावं, अन्न आणि वेतन द्यावं, आजारपणात काळजी घ्यावी, घरात काही चांगलंचुंगलं झालं तर त्यातलं द्यावं आणि वेळोवेळी सुट्टी द्यावी. मुलांनी आईवडिलांना सांभाळावं हेही त्याच सुत्तात आहे. आपल्याकडे आईवडिलांचा भाग प्रवचनात येतो, कामकऱ्यांचा भाग क्वचित.

म्हणून चोवीस तासांची बाई ठेवणारच असाल तर तिच्या सलग सहा-सात तास झोपेची सोय करा, म्हणजे त्या वेळेत घरातलं कुणीतरी उठेल. आठवड्याची एक सुट्टी पगारी द्या. पगार ठरलेल्या तारखेला आणि जमलं तर तिच्या स्वतःच्या खात्यात द्या. ई-श्रम कार्ड नसेल तर काढायला मदत करा. घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीसाठी कामाचा दाखला लागला तर तो लिहून द्या. थकलेली बाई रात्री वळवायला उठत नाही आणि सकाळी पाठीवर लाल चट्टा दिसतो, हा यातला व्यवहाराचा भाग.

पैसे कुठून उभे करायचे

पहिला पैसा रुग्णाचा स्वतःचा. पेन्शन, ठेवी, थकीत रक्कम. पेन्शन असूनही ती हातात येत नाही अशी घरं असतात, कारण रुग्णाला सही करता येत नाही. अशा वेळी अंगठा चालतो, हाताचा अंगठा देता येत नसेल तर पायाच्या अंगठ्याचा ठसासुद्धा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. हा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे, तो नम्रपणे पण ठामपणे सांगा. सत्तरीच्या पुढच्या आणि दिव्यांग खातेदारांना घरपोच बँक सेवा द्यावी अशाही बँकांना सूचना आहेत. निवृत्तिवेतनासाठीचा हयातीचा दाखला ‘जीवन प्रमाण’मधून मोबाइलवर चेहरा दाखवून घरबसल्या देता येतो. खाटेवरच्या माणसाला उचलून बँकेत नेण्याची गरज नाही.

दुसरा पैसा मुलांचा, मुलींचाही. कोण किती देणार हे वहीत लिहा आणि सगळ्यांच्या फोनवर त्याचा फोटो पाठवा. जो पैसे देऊ शकत नाही त्याने तास द्यावेत. बोलूनही कुणी दाद देत नसेल तर २००७ च्या कायद्याखाली उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांत कार्यालयात, अर्ज करता येतो. महिन्याला कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहखर्च ठरवून मिळू शकतो. मूलबाळ नसेल तर ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकावरही ही जबाबदारी येते. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या हेल्पलाइनवर याची माहिती मिळते. वस्तीत एक धोका वारंवार दिसतो: ‘घर माझ्या नावावर कर, मग मी बघतो.’ बक्षीसपत्र करायचंच असेल तर त्यात सांभाळण्याची अट स्पष्ट लिहा. अट मोडली तर या कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून मागता येतं. अट लिहिलेली नसेल तर भांडण अवघड होतं.

तिसरा पैसा सरकारचा, आणि तो तुटपुंजा आहे हे आधीच सांगते. ६५ वर्षांवरील निराधारांना श्रावणबाळ योजनेतून आणि त्याखालच्या वयाच्या विधवा, दिव्यांग किंवा दुर्धर आजारी व्यक्तींना संजय गांधी निराधार योजनेतून महिन्याला १,५०० रुपये मिळतात. दुर्धर आजारांत पक्षाघात आणि कर्करोग दोन्ही आहेत. दिव्यांग लाभार्थ्यांसाठी ही रक्कम २,५०० करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. अर्ज तहसील कार्यालयात. अडचण उत्पन्नाच्या अटीची आहे: कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला १,७५० रुपये. एवढ्यावर आज कोणतं कुटुंब जगतं, हे दाखला देणाऱ्यालाही माहीत असतं आणि घेणाऱ्यालाही. दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० आहे, तीही थट्टाच. या मर्यादा वाढवण्याची मागणी आपल्या संघटनांनी लावून धरायला हवी.

मुख्यमंत्री वयोश्री योजनेतून ६५ वर्षांवरच्या आणि २ लाखांच्या आत कौटुंबिक उत्पन्न असलेल्यांना एकदाच ३,००० रुपये मिळतात. व्हीलचेअर, कमोड खुर्ची, वॉकर अशा वस्तूंसाठी ते आहेत. दिव्यांग प्रमाणपत्र मात्र सगळ्यांनी काढावं. पक्षाघाताच्या रुग्णाची प्रकृती स्थिर झाली की जिल्हा रुग्णालयाच्या मंडळापुढे अर्ज करता येतो. पार्किन्सन्स हा आजारही २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २१ प्रकारांत आहे. याच कायद्यात जास्त आधाराची गरज असलेल्या दिव्यांगांसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याची तरतूद आहे, आणि आपल्या मागणीपत्रांत ती क्वचितच दिसते. नोकरदारांना या प्रमाणपत्राचा आणखी एक उपयोग होतो. जुन्या करप्रणालीत दिव्यांग आईवडिलांच्या सांभाळासाठी ७५,००० रुपयांची, आणि दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर सव्वा लाखाची वजावट मिळते.

पीएफमधून कुटुंबाच्या आजारपणासाठी पैसे काढता येतात. तो मार्ग मायक्रोफायनान्सच्या आठवड्याच्या हप्त्यापेक्षा कितीतरी बरा. बचत गटाचं कर्ज डायपरला वापरू नका. सेवेचा खर्च दर महिन्याचा असतो, कर्जाने तो भागत नाही, फक्त पुढे ढकलला जातो.

कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठी वेगळी वाट आहे. पुण्यात वारज्याला सिप्ला पॅलिएटिव्ह केअर सेंटर १९९७ पासून विनामूल्य सेवा देतं, त्यांची टीम घरीही जाते. मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ पासून अशा रुग्णांना विनामूल्य ठेवून घेतं. परळच्या टाटा मेमोरियलचा पॅलिएटिव्ह विभागही घरी भेटी देतो. उपचार थांबले म्हणजे सेवा थांबली असं नाही. वेदना कमी करणं हाही उपचारच आहे आणि त्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या रीतसर मिळतात.

विहाराचा वाटा

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला तथागतांना दिसतो. आनंद पाणी आणतात, दोघे मिळून त्याला धुतात, उचलून खाटेवर ठेवतात. इतर भिक्खू त्याचं का करत नाहीत, असं विचारल्यावर उत्तर येतं की हा कुणाच्या काही कामी येत नव्हता. त्यानंतर तथागत नियम घालून देतात: आजाऱ्याची सेवा त्याच्या उपाध्यायाने, आचार्याने, शिष्याने, सोबत राहणाऱ्याने करावी आणि यांपैकी कुणी नसेल तर संघाने करावी. न करणं हा दोष. चांगल्या सेवेकऱ्याची लक्षणंही तिथे सांगितली आहेत: औषध तयार करता यावं, पथ्य-कुपथ्य कळावं, लोभाने नव्हे तर मैत्रीने करावं, मलमूत्र-उलटीची किळस नसावी, रुग्णाला धीर देता यावा. रुग्णालाही सूट नाही. त्याने औषध घ्यावं, प्रमाण सांभाळावं, काय होतंय ते खरं सांगावं.

मला यात महत्त्वाची वाटते ती जबाबदारीची साखळी. ती एका माणसापाशी सुरू होते आणि संघापाशी जाऊन थांबते. आपल्या वस्तीत ती सुनेपाशी सुरू होते आणि तिथेच थांबते.

केरळमध्ये हे गावपातळीवर करून दाखवलं आहे. २००८ मध्ये त्या राज्याने पॅलिएटिव्ह केअरचं धोरण स्वीकारलं. प्रशिक्षित शेजारी स्वयंसेवक आणि पंचायतीच्या मदतीने फिरणारी नर्स खाटेवरच्या रुग्णांच्या घरी जातात. आपल्याकडे जवळपास प्रत्येक वस्तीत विहार आहे, महिला मंडळ आहे, जयंतीची कमिटी आहे. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या पैशांत किती फाउलर बेड येतात हे कुणीतरी एकदा काढून बघावं. मी काढलंय, इथे लिहीत नाही, वाद होतील.

विहाराने दोन खाटा, दोन एअर बेड, एक व्हीलचेअर आणि कमोड खुर्ची घेऊन अनामत रकमेवर द्यायला सुरुवात केली तरी दहा घरांचं काम होतं. वर्षावासात रोज संध्याकाळी ग्रंथवाचनाला जमणाऱ्यांपैकी चार जण पाळीने एका घरी दोन तास बसले, तर त्या घरची बाई दवाखान्यात जाऊन येईल, बँकेचं काम करेल किंवा नुसती झोपेल. पौर्णिमेच्या कार्यक्रमाला जोडून तहसीलच्या अर्जांचं शिबिर घेता येईल. वस्तीतल्या दहावी-बारावी झालेल्या मुलींना रुग्णसहायकाचं प्रशिक्षण मिळालं तर चार तासांचं काम घराजवळ मिळेल, तेही ब्युरोच्या कमिशनविना.

सेवा संपते तेव्हा

रुग्ण गेला की ब्युरोच्या बाईची ड्यूटी त्याच दिवशी संपते. घर दुःखात असतं, तिचा पगार मागायला तिची जीभ रेटत नाही आणि अर्ध्या महिन्याचे पैसे राहून जातात. त्याच महावग्गात असं सांगितलं आहे की भिक्खू वारल्यावर त्याच्या वस्तूंची मालकी संघाची, पण सेवा करणाऱ्यांचे उपकार मोठे म्हणून त्याचं पात्र आणि चीवर त्यांना द्यावं. आपण निदान ठरलेला पगार, शिवाय दुसरं काम मिळेपर्यंतचे काही दिवस, जलदान विधीच्या आधी तिच्या खात्यात टाकावेत. तिने काय काय काम केलं याचं सही केलेलं पत्र द्यावं. पुढचं घर मिळताना ते कामी येतं.

निराधार योजनेची किंवा सेवानिवृत्तीची पेन्शन चालू असेल तर तहसील कार्यालयाला आणि बँकेला मृत्यूचा दाखला लगेच द्या. नंतर जमा झालेली रक्कम वसूल होते आणि ती तोवर खर्च झालेली असते. कुटुंब निवृत्तिवेतनाला कुणी पात्र असेल तर त्याचा अर्ज त्याच फेरीत करा. उरलेले डायपर, न उघडलेल्या गोळ्यांच्या पट्ट्या आणि व्हीलचेअर कुणाला हव्या असतील ते महिला मंडळात विचारा. एअर बेड परत करण्याआधी जंतुनाशकाने पुसून, वाळवून द्या. तो बहुधा त्याच आठवड्यात दुसऱ्या घरी लागतो.